सविताची सवत कुणी केली?

फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. पलीकडून आमच्या गल्लीतले काका बोलत होते. ते एका पतसंस्थेत क्लार्क आहेत. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट सुरुवात : ‘अगं, तुझ्या त्या प्रोग्रॅमनं सविताची सवत केली की!’

मला आधी हसू आलं. मग त्यांनी यादीचा फोटो पाठवला. सविता या नावापुढे ‘सवत’ छापलेलं होतं. सुनीताची ‘सनत’ झाली होती, संगीताची ‘सगत’. माने आडनावाचे सगळे ‘मन’ झाले होते. खाली काकांचा मेसेज होता : ‘हे हसण्यावारी नेऊ नकोस. दोन बायकांची खाती एक झाल्यात.’

मी मूळची माधवनगरची. सांगली आणि बुधगाव यांच्या मधलं हे गाव. रेल्वेनं सांगलीला येणाऱ्यांना ते एका छोट्या स्टेशनाच्या पाटीपुरतं दिसतं. इंजिनिअरिंग करून मी पुण्यात आले आणि गेली सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. गावाकडच्या लोकांच्या मते मी ‘कंप्युटरची’ आहे. त्यामुळे प्रिंटर बिघडण्यापासून आधार अपडेटपर्यंत सगळे फोन मलाच येतात. काकांचं काम मात्र खरंच माझ्या धंद्यातलं होतं. सभासदांची जुनी यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती युनिकोडमध्ये आणायची, त्यातले नको ते ठिपके, कंस, फुल्या काढायच्या आणि दोनदा आलेली नावं एकत्र करायची. एका रविवारी संध्याकाळी मी ते उरकून दिलं. पैसे घेतले नाहीत, त्यामुळे तपासायचीही गरज वाटली नाही.

खरी नावं इथे देत नाही, पण प्रकार असा होता. एकाच घरात दोन जावा. एक मीना, दुसरी मैना. दोघींचं आडनाव एक, पत्ता एक. माझ्या प्रोग्रॅमनं मीनातली वेलांटी आणि काना काढला, मैनेतल्या दोन मात्रा आणि काना काढला. उरली ‘मन’ आणि ‘मन’. पत्ता तोच, म्हणजे नोंद दोनदा आली असणार, असं ठरवून त्यानं एक नोंद उडवली. मैनाबाईंची मुदत ठेव दोन दिवसांनी पिकणार होती. त्या काउंटरवर आल्या तेव्हा नव्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. ‘पुढच्या आठवड्यात या,’ असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं.

परत पाठवणारा माणूस संगणकावर विश्वास ठेवत होता. संगणक माझ्यावर. आणि मी एका ओळीवर, जी जगभरचे हजारो प्रोग्रॅमर रोज लिहितात.

एका ओळीचा गुन्हा

ती ओळ रेग्युलर एक्स्प्रेशनची होती. आम्ही लाडानं रेगेक्स म्हणतो. रेगेक्स म्हणजे मजकुरात काय शोधायचं याचं वर्णन. ‘राम’ हा शब्द शोध, असं सांगायला रेगेक्स लागत नाही. पण ‘दहा आकडी कुठलाही नंबर शोध’ असं सांगायचं तर ‘आकडा’ म्हणजे काय हे यंत्राला एका खुणेनं सांगावं लागतं. अशा खुणेला कॅरेक्टर क्लास म्हणतात, म्हणजे अक्षरांचा गट. काही गट तयार मिळतात. बॅकस्लॅश आणि डी लिहिलं की ‘कुठलाही अंक’. बॅकस्लॅश आणि एस म्हणजे ‘कुठलीही मोकळी जागा’. बॅकस्लॅश आणि डब्ल्यू म्हणजे ‘शब्दात येणारं कुठलंही चिन्ह’.

माझी ओळ पायथनमधली होती. अर्थ असा : जे शब्दातलं चिन्ह नाही आणि मोकळी जागाही नाही, ते पुसून टाक. मजकूर स्वच्छ करायचा म्हटलं की पहिल्याच ट्यूटोरियलमध्ये ही ओळ भेटते. ठिपके जातात, स्वल्पविराम जातात, कंस जातात. आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हेही जातात, कारण पायथनच्या मते ती ‘शब्दातली चिन्हं’ नाहीत.

पायथनची बाजू समजून घ्यायला हवी. त्याला ‘सविता’ हा तीन अक्षरांचा शब्द दिसत नाही. त्याला पाच चिन्हं दिसतात : स, व, वेलांटी, त, काना. त्यातली स, व आणि त ही युनिकोडच्या वर्गवारीत ‘अक्षरं’ आहेत. वेलांटी आणि काना वेगळ्या वर्गात आहेत, ‘खूण’ या वर्गात. पायथनचा डब्ल्यू अक्षरं घेतो, अंक घेतो आणि एक अंडरस्कोर घेतो. खुणा घेत नाही. म्हणून सविताची सवत.

हे ठरवलं कुणी? काकांना फोनवर सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी शोधत गेले.

मेंदूपासून टर्मिनलपर्यंत

रेगेक्सची गोष्ट मजकुरापासून सुरू होत नाही, मेंदूपासून होते. १९४३ मध्ये वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशींचं एक गणिती मॉडेल मांडलं. आजच्या एआयच्या न्यूरल नेटवर्कचे ते पणजोबा. अशी जाळी कुठल्या प्रकारच्या घटनामालिका ओळखू शकतात, हा प्रश्न १९५१ मध्ये गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी हाती घेतला. त्या मालिकांचं वर्णन करायला त्यांनी एक लेखनपद्धत तयार केली आणि तिला ‘रेग्युलर’ हे नाव दिलं. रेगेक्समधली चांदणी त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

१९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ही पद्धत मजकूर शोधायला वापरली आणि त्यावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. पुढे युनिक्सच्या एडिटरमध्ये ती आली आणि १९७३ मध्ये ‘ग्रेप’ हा प्रोग्रॅम जन्माला आला. चौकटी कंसात ‘ए ते झेड’ लिहायचं आणि ‘यांपैकी कुठलंही एक’ असा अर्थ घ्यायचा, ही सवय त्याच काळातली.

‘ए ते झेड’ हे वाचायला सोपं आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. यंत्राच्या पोटात अक्षरं नसतात, क्रमांक असतात. ‘ए ते झेड’ म्हणजे ए च्या क्रमांकापासून झेडच्या क्रमांकापर्यंत सगळं. हे क्रमांक सलग असले तरच हिशेब जमतो. १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की या तक्त्यात ते सलग होते. त्यात सगळी मिळून १२८ चिन्हं. इंग्रजीचं भागलं. पण आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर एब्सिडिक नावाचा दुसरा तक्ता होता. त्यात आय नंतर लगेच जे येत नाही, आर नंतर लगेच एस येत नाही. मध्ये फटी आहेत, आणि फटींत भलतीच चिन्हं. तिथे ‘ए ते झेड’ म्हटलं तर नको ते पाहुणेही आत शिरतात.

यावर शहाणा उपाय असा की क्रमांक विसरायचे आणि थेट नावानं विचारायचं : हे अक्षर आहे का? हा अंक आहे का? १९७९ च्या युनिक्समध्ये सी भाषेसाठी अशा प्रश्नांची सोय आली. प्रत्येक चिन्हापुढे ते कुठल्या गटात बसतं याची नोंद असलेला एक तक्ता, बस्स. प्रश्न आला की तक्त्यात बघायचं. १९९२ मध्ये पॉसिक्स या मानकानं हेच गट रेगेक्समध्ये नावानिशी आणले. अल्फा म्हणजे अक्षरं, डिजिट म्हणजे अंक, अल्नम म्हणजे दोन्ही, पंक्ट म्हणजे विरामचिन्हं, स्पेस म्हणजे मोकळी जागा. असे एकूण १२ गट. शिवाय त्या गटात कोण बसतं हे तुमच्या भाषेच्या सेटिंगवर ठरेल, असंही सांगितलं. कल्पना अतिशय चांगली होती : प्रोग्रॅमरनं ‘अक्षर’ म्हणावं, आणि अक्षर म्हणजे काय हे त्या त्या भाषेनं सांगावं.

पण पॉसिक्सची नावं लिहायला लांबलचक. चौकटी कंसात पुन्हा चौकटी कंस, त्यात दोन विसर्गासारखी चिन्हं. दरम्यान १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल भाषा आली होती. बॅकस्लॅश डब्ल्यू, एस, डी ही आखूड रूपं तिनं घराघरांत नेली. पुढे पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, सगळ्यांनी पर्लचीच नक्कल केली. खुणा सारख्या राहिल्या, अर्थ मात्र प्रत्येकानं आपापला ठेवला. जावास्क्रिप्टमध्ये डब्ल्यू म्हणजे आजही फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर. जावातही मूळ अर्थ तोच. २०११ मध्ये आलेल्या आवृत्ती ७ पासून एक खास खूण दिली तर ती युनिकोडप्रमाणे वागते. पर्ल स्वतः अक्षरांबरोबर खुणाही घेतं, म्हणजे तिथे सविता सविताच राहते. एकच ओळ, चार भाषा, तीन निकाल.

काना अक्षर आहे का?

आता आपल्या बाजूची गोष्ट.

माझे आजोबा सांगलीतल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवायचे. सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांना विचारलं, ‘आजोबा, काना हे अक्षर आहे का?’ ते म्हणाले, ‘केसमध्ये त्याचा कप्पा वेगळा असायचा. आणि तो सगळ्यात आधी रिकामा व्हायचा. काना संपला की काम बंद.’ मी म्हटलं, म्हणजे अक्षर? तर म्हणाले, ‘कप्पा वेगळा म्हणून माणूस वेगळा होत नाही.’

हा प्रश्न आमच्या भागात संगणकाच्या किती तरी आधी येऊन गेला होता. माधवनगरपासून मिरज हाकेच्या अंतरावर. तिथे १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली. कल्पना मूळची पुण्याची. इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनानं नाना फडणवीसांनी एका तांबटाकडून अक्षरं कोरून घ्यायला सुरुवात केली होती. नाना १८०० मध्ये गेले, आणि काम मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आलं. तिथे सुटे खिळे नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर मजकूर उलटा कोरायचा आणि त्यावरून छापायचं. या पद्धतीत काना वेगळा की अक्षराचा भाग, असा प्रश्नच उठत नाही, कारण पान हेच एक चित्र असतं. सुटे खिळे आले तेव्हा मात्र ठरवावं लागलं. प्रत्येक अक्षराची बाराखडी वेगळी ओतली तर शेकडो खिळे होतात. काना-मात्रा सुट्या केल्या तर खिळे कमी होतात, पण वर-खाली जोडण्याचं काम वाढतं. मराठी मुद्रणाचा बराचसा इतिहास याच ओढाताणीचा आहे. लोकमान्य टिळकांसारखा माणूस टाइपांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत पडला, तो याचसाठी.

संगणकानं सुट्या खिळ्यांची बाजू घेतली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं इस्की हा तक्ता प्रमाण केला. त्यात स्वरांना वेगळे क्रमांक, व्यंजनांना वेगळे, काना-मात्रांना वेगळे आणि हलन्ताला वेगळा. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. मोजकी चिन्हं आणि त्यांतून लाखो जोडाक्षरं. तिच्यात मला दोष दिसत नाही.

पण युनिकोडनं प्रत्येक चिन्हाला क्रमांकाबरोबर एक वर्गही दिला. तिथे काना ‘खूण’ झाला. खूण म्हणजे दुसऱ्याला चिकटून येणारं चिन्ह. फ्रेंचमधल्या अक्षरावरचा तिरका टिंब हीसुद्धा खूणच. फरक एवढाच की फ्रेंचमध्ये अक्षर आणि खूण मिळून बहुतेक वेळा एकच तयार चिन्ह मिळतं, म्हणून तिथे बिघाड दिसत नाही. आपल्याकडे तयार ‘वि’ नाही. व आणि वेलांटी नेहमी दोन. म्हणजे जो नियम पॅरिसमध्ये क्वचित अडखळतो तो सांगलीत दर दुसऱ्या अक्षराला पडतो.

युनिकोडच्या लोकांना हे माहीत आहे. रेगेक्ससाठी त्यांची वेगळी मार्गदर्शिका आहे आणि डब्ल्यू गटात खुणाही घ्याव्यात, असं तीत सांगितलेलं आहे. २००७ मध्ये कुणीतरी पायथनच्या तक्रार-नोंदीत नेमकं हेच लिहिलं होतं : देवनागरीचे शब्द चिरफाळतात, कारण मात्रा डब्ल्यूमध्ये बसत नाहीत. २०११ मध्ये पर्लचे जाणकार टॉम ख्रिश्चनसन यांनी पायथनचा डब्ल्यू युनिकोडच्या मार्गदर्शिकेला धरून नाही, अशी सविस्तर तक्रार केली. पायथनचं मूळ मॉड्यूल तरीही जुन्याच अर्थावर चालतं. दुरुस्त अर्थ असलेलं वेगळं मॉड्यूल मिळतं, पण ते तुम्हाला मुद्दाम घ्यावं लागतं. आणि मुद्दाम घ्यायला आधी चूक दिसावी लागते.

जतला काही झालं नाही

चूक किती मोठी आहे ते बघायला मी आमच्या जिल्ह्याचे दहा तालुके यंत्रात घातले. या वेळी मशीन लर्निंग शिकताना सगळे वापरतात ती सायकिट-लर्न नावाची लायब्ररी घेतली. मजकुराचे शब्द पाडायचा तिचा ठरलेला नियम असा : डब्ल्यू गटातली किमान दोन चिन्हं सलग आली तर तो शब्द. एकट्या चिन्हाला शब्द मानायचं नाही.

मिरजेचं झालं ‘रज’. तासगावचं ‘सग’. पलूसचं ‘पल’, कडेगावचं ‘कड’, वाळव्याचं ‘ळव’. कवठेमहांकाळचे दोन तुकडे : ‘कवठ’ आणि ‘मह’. आटपाडीचं ‘आटप’, जणू कुणी घाई करतंय. खानापूर आणि शिराळा नकाशावरून गायब, कारण त्यांच्या प्रत्येक अक्षराच्या मध्ये काही ना काही चिन्ह आहे आणि दोन अक्षरं सलग उरतच नाहीत. दहा तालुक्यांत धडधाकट राहिला एकटा जत. दुष्काळानं सोसलेल्या या तालुक्याला या एका बाबतीत तरी नशिबानं साथ दिली.

जिल्ह्याबाहेर बघितलं. सातारा गायब. कोल्हापूर गायब. पुणे गायब. मुंबईची ‘बई’. पाटील गायब, म्हणजे निम्मा पश्चिम महाराष्ट्र गेला! सांगलीचं ‘गल’ आणि माझ्या माधवनगरचं ‘धवनगर’.

इथे हसून झालं की जरा थांबा. कॉलेजातली किती तरी मुलं मराठी बातम्यांवर, मराठी कमेंटवर प्रोजेक्ट करतात. ही बातमी खेळाची की राजकारणाची, ही कमेंट रागाची की कौतुकाची, हे ओळखायला यंत्राला शिकवतात. नियम बदलला नाही तर यंत्र ‘रज’, ‘सग’ आणि ‘पल’ यांवरून शिकत असतं. प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल अक्षरांत एरर येत नाही. उत्तर येतं, थोडं वाईट येतं. मग निष्कर्ष निघतो की मराठीत हे नीट जमत नाही. भाषेवर ठपका येतो, ओळीवर येत नाही.

अंकांची कथा वेगळी, पण नातेवाईकच. पायथनमध्ये डी गट देवनागरी अंकही घेतो. ‘१२३’ त्याला चालतं, त्याची बेरीजही होते. जावास्क्रिप्टच्या डी गटात फक्त इंग्रजी अंक. म्हणून वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये ‘१२३’ लिहिलं की ‘कृपया अंक भरा’ असं उत्तर येतं. लिनक्सच्या सी लायब्ररीत तर आणखी गंमत आहे. सी भाषेचं मानक सांगतं की अंक म्हणजे शून्य ते नऊ एवढेच. मग आपला १ कुठे ठेवायचा? तो निदान ‘अक्षर किंवा अंक’ या गटात तरी यावा, म्हणून त्यांनी तो अक्षरांत बसवला. म्हणजे तिथे १ हे अक्षर आहे आणि पायथनमध्ये काना अक्षर नाही. शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी बाकावर उभं केलं असतं.

अ ते ज्ञ

काकांचा फोन ठेवल्यावर मी घाईनं जी दुरुस्ती केली, ती आता सांगते. लपवलं तर लेख अर्धवट राहील.

डब्ल्यू नको ना? मग इंग्रजीत ‘ए ते झेड’ लिहितात तसं मराठीत लिहू, असं मला वाटलं. मराठी कुठून कुठपर्यंत? पहिलीच्या पुस्तकात अंकलिपी असते, अ अननसाचा ते ज्ञ ज्ञानेश्वराचा. म्हणून मी लिहिलं : [अ-ज्ञ]. आणि यात जे नसेल ते पूस, असं सांगितलं.

या वेळी ‘सविता’ पूर्ण नाहीशी झाली. ‘माधवनगर’चा ‘ग’ उरला.

कारण कळायला दहा मिनिटं लागली, आणि कळल्यावर मी लॅपटॉप बंद करून चहा प्यायला गेले. ज्ञ हे यंत्रासाठी एक अक्षर नाही. ते ज, हलन्त आणि ञ आहे. त्यामुळे यंत्रानं माझा गट असा वाचला : अ ते ज, शिवाय हलन्त, शिवाय ञ. झ पासून ह पर्यंतचं सगळं बाहेर. सविता, माधव, विठ्ठल, तुकाराम, सगळे दाराबाहेर. बरं, ‘अ ते ह’ लिहावं तर काना-मात्रांचे क्रमांक ह च्या पुढे, त्या पुन्हा बाहेर. आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये उशिरानं आलं, त्यामुळे त्याची जागा आणखी पुढे. म्हणजे ॲड. लावणारे सगळे वकील बाहेर.

एब्सिडिकच्या फटी, त्याच या. क्रम आपल्या डोक्यातला वेगळा आणि तक्त्यातला वेगळा. युरोपातही हे झालंय. एस्टोनियन वर्णमालेत झेड हे एसच्या आसपास येतं, टीच्या आधी. पॉसिक्सनं १९९२ मध्ये ‘ए ते झेड’चा अर्थ त्या त्या भाषेच्या क्रमानं घ्यायला सांगितलं होतं. त्या हिशेबानं एस्टोनियात टी, यू, व्ही ‘ए ते झेड’च्या बाहेर पडतात. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की पुढे पॉसिक्समध्ये तो आग्रह सोडून दिला गेला.

हे वाचताना मला शाळेतले संस्कृतचे तास आठवले. अच् म्हणजे स्वर, हल् म्हणजे व्यंजनं. तेव्हा पाठ केलं आणि विसरले. आता उलगडा झाला की ते कॅरेक्टर क्लास आहेत. पाणिनीनं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी संस्कृतचे वर्ण १४ छोट्या सूत्रांत एका खास क्रमानं मांडले. प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचं व्यंजन ठेवलं. मग पहिला वर्ण आणि शेवटची खूण एवढंच म्हटलं की मधला सगळा गट आला. यालाच प्रत्याहार म्हणतात. चौकटी कंसातला ‘कुठून कुठपर्यंत’ तो हाच. आपण प्रति आणि एक मिळून प्रत्येक म्हणतो, सु आणि आगत मिळून स्वागत म्हणतो, त्यामागचा यण् संधीचा नियम पाणिनी तीन प्रत्याहारांत सांगतो : या गटातल्या वर्णाच्या जागी त्या गटातला घाल, पुढे तिसऱ्या गटातला असेल तर. रेगेक्समध्ये ‘शोधा आणि बदला’ असंच लिहितात. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकात पत्र लिहून व्याकरण मांडायच्या आधुनिक पद्धतीला पाणिनीचं नाव द्यावं, असं सुचवलं होतं. थॉम्पसन यांचा निबंध त्याच नियतकालिकात पुढच्या वर्षी आला.

‘आमच्याकडे सगळं होतंच’ असं म्हणायला मी हे सांगत नाही. पाणिनीच्या रचनेतही एक खूण दोनदा आली आहे. त्यामुळे अण् म्हटलं की नेमका कुठला गट, यावर टीकाकारांना शतकानुशतकं खुलासे करावे लागले. मला भावला तो त्याचा क्रम. त्यानं नियमांना सोयीचा क्रम आधी ठरवला आणि मग गट पाडले. मी पहिलीच्या पुस्तकातला क्रम उचलला आणि दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी लावलेल्या तक्त्यावर चालवला.

दोन खाती

शेवटी काय केलं ते थोडक्यात. दुरुस्त अर्थाचं मॉड्यूल घेतलं आणि गट नावानं सांगितला : अक्षरं, खुणा, अंक. दिसायला सारखी पण आत वेगळी असलेली रूपं आधी एक केली. ‘साताऱ्याचे’ यातला र् दोन प्रकारे टाइप होतो, एकात न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही एक, यंत्राला दोन वेगळे. आणि नावं सारखी दिसली तरी नोंदी आपोआप एक करायच्या नाहीत, फक्त यादी काढून द्यायची, असं ठरवलं. एक करायचं की नाही ते काका ठरवतील. त्यांना गल्लीतल्या मीना आणि मैना दोघी माहीत आहेत.

नवी यादी घेऊन मी स्वतः गेले. काकांनी जुनी वही उघडली, मी लॅपटॉप. एकेक नाव वाचून जुळवलं. दोन दिवस लागले. आणखी चार जोड्या सापडल्या, ज्यांची तक्रार अजून आली नव्हती. एक तर वारलेल्या माणसाचं खातं होतं. तक्रार करायला कुणी आलंच नसतं.

मैनाबाईंना ठेव मिळाली, आठ दिवस उशिरा. मी तिथेच होते. माफी मागायची म्हणून पुढे झाले आणि चूक समजावून सांगायला लागले. त्यांनी मध्येच विचारलं, ‘म्हंजे माझ्या नावातल्या मात्रा खाल्ल्या व्हय गं मशीननं?’ मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मग राहिलं काय नावात?’

काहीच राहिलं नव्हतं. मशीनचं नाव पुढे करणंही खरं नव्हतं. अक्षर कशाला म्हणायचं, हा प्रश्न त्या ओळीत होता आणि तो कुणाला विचारायचा हे मला सुचलं नव्हतं. मी तयार उत्तर उचललं होतं.

आता माझ्या लॅपटॉपवर एक छोटी फाइल आहे. मराठी मजकुराला हात लावणारा कुठलाही प्रोग्रॅम आधी तिच्यावर चालवते. तीत सांगली जिल्ह्याचे दहा तालुके आहेत, सातारा आहे, दोन प्रकारे लिहिलेलं ‘साताऱ्याचे’ आहे, विठ्ठल आहे, ज्ञानेश्वर आहे, एक ॲड. आहे, मीना आणि मैना आहेत. सगळ्यात वर सविता. ती जशी आत गेली तशी बाहेर आली तरच पुढचं काम सुरू होतं.